एल्फिन्स्टन साहेब आणि अस्पृश्यांच्या शिक्षणाचा प्रश्न

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी आम्ही माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव सुचविले, तेव्हा कार्यकारिणीतील दोघा-चौघांच्या कपाळावर आठ्या पडल्या. फुले, शाहू, आंबेडकरांच्या व्याख्यानमालेत हा इंग्रज लाटसाहेब कशाला, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. आमचे उत्तर एवढेच की, हे नाव आपल्या मुलांच्या कानावर नेहमी पडते. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले, एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी. ए. झाले, हे प्रत्येक जयंतीच्या भाषणात सांगितले जाते. ऐकणाऱ्या मुलाची मग अशी समजूत होते की, एल्फिन्स्टन नावाचा कोणी उदार साहेब होता, त्याने शाळा काढली आणि आपल्याला दार उघडून दिले. दुसऱ्या बाजूला, इंग्रज म्हटला की सारे एकाच माळेचे मणी, असे मानणारेही आहेत. सरकारी कागदपत्रे उघडली की या दोन्ही समजुती टिकत नाहीत. ही कागदपत्रे बाबासाहेबांनी स्वतः शोधून काढली होती आणि सरकारच्याच पुढ्यात ठेवली होती. आपल्याला आज तिथवर जायचे आहे. वाटेत साहेबाचे चरित्रही पाहू.

आधी एक खुलासा केलेला बरा. मुंबईत लोकलने फिरणाऱ्यांना 'एल्फिन्स्टन रोड' स्टेशन आठवत असेल. २०१८ साली त्याचे नाव प्रभादेवी झाले. ते स्टेशन या एल्फिन्स्टनच्या नावाचे नव्हते. ते त्याच्या पुतण्याच्या, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनच्या नावाचे. हा पुतण्याही १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. काका-पुतण्यांची गल्लत पुष्कळ लेखकांनी केली आहे. पुतण्याची गाठ आपल्याला पुढे पडणारच आहे, म्हणून त्याचे नाव लक्षात असू द्यावे.

काकाचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडातील डम्बार्टन येथे एका सरदार घराण्यात झाला. तो धाकट्या मुलांपैकी, त्यामुळे घरची सरदारकी त्याच्या वाट्याला येणार नव्हती. अशा मुलांसाठी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी ही त्या काळची मोठी सोय होती. १७९६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कंपनीचा 'रायटर' म्हणजे कारकून होऊन कलकत्त्यास उतरला. (कारकुनांना कमी लेखणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) बनारसला असताना, जानेवारी १७९९ मध्ये, अवधचा पदच्युत नवाब वजीर अली याच्या माणसांनी तेथील इंग्रजांची कत्तल केली. त्यातून हा तरुण घोड्यावर स्वार होऊन कसाबसा निसटला. १८०१ मध्ये तो मुत्सद्देगिरीच्या खात्यात गेला आणि पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी रेसिडेंटचा मदतनीस म्हणून आला.

रेसिडेंट म्हणजे दरबारातला कंपनीचा वकील. पण त्याचे काम नुसती पत्रे पोचविण्याचे नव्हते. दरबारात कोण कोणाच्या कानाला लागतो, खजिन्यात शिल्लक किती, कोणता सरदार रुसला आहे, फौजेचा पगार किती महिने थकला आहे, ही सारी बातमी काढायची आणि कलकत्त्यास कळवायची. वेळ आली की तहाचा मसुदा पुढे करायचा आणि त्या मसुद्यामागे पलटण उभी आहे हे समोरच्याला न बोलता समजू द्यायचे. या विद्येत एल्फिन्स्टन लवकरच तरबेज झाला. १८०३ मध्ये आर्थर वेल्स्लीबरोबर तो असईच्या लढाईत होता. असई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातले. पुढे अडगाव आणि गाविलगड. त्याची निधडी छाती पाहून वेल्स्ली म्हणाला की, याने धंदा चुकीचा निवडला, हा शिपाईच व्हायला हवा होता. पंचविशीत तो नागपूरकर भोसल्यांकडे रेसिडेंट झाला. १८०८ मध्ये नेपोलियनच्या धास्तीने कंपनीने त्याला काबूलच्या वकिलातीवर धाडले. १८०९ मध्ये पेशावरला शाह शुजाची भेट झाली, तह झाला, आणि तहाची शाई वाळते न वाळते तोच शुजाची गादी गेली. म्हणजे राजकारणाच्या हिशेबी वकिलात फुकट गेली. पण तिथल्या लोकांची, टोळ्यांची आणि मुलखाची जी माहिती त्याने जमविली, तिचा मोठा ग्रंथ १८१५ मध्ये निघाला आणि तो कित्येक वर्षे प्रमाण मानला गेला. माणूस वाचनाचा विलक्षण शौकीन होता, छावणीतसुद्धा ग्रीक आणि फारसी ग्रंथ बरोबर बाळगी.

१८११ मध्ये तो पुण्यास खुद्द रेसिडेंट म्हणून परत आला. जुन्या मराठी कागदांत 'अलपिष्टन साहेब' म्हणून जो भेटतो तो हाच. पुढची सहा-सात वर्षे बाजीराव आणि अलपिष्टन यांचा डाव रंगला. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळ्यावर आला. साहेबाने त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत घालायला लावले आणि पुढच्याच वर्षी तो तिथून पळाला. जून १८१७ चा पुणे तह बाजीरावाच्या गळी उतरविला गेला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरचा रेसिडेंटचा बंगला पेशव्यांच्या लोकांनी जाळला आणि त्यात साहेबाची पुस्तके जळाली.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत आला १ जानेवारी १८१८. कोरेगावच्या लढाईची हकीगत या सभागृहात नव्याने सांगण्याची गरज नाही. तिथल्या स्तंभावरची, शेवटी 'नाक' असलेली नावे आपण सर्वांनी बोट ठेवून वाचली आहेत. मात्र एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. लढाईनंतर दोन दिवसांनी, ३ जानेवारीला, एल्फिन्स्टन स्वतः कोरेगावात गेला होता. जळालेली घरे आणि प्रेतांनी भरलेल्या गल्ल्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या आणि तसे लिहून ठेवले. कंपनीच्या विजयासाठी कोण लढले आणि कोण मेले, हे त्याला ऐकीव माहीत नव्हते. पुढे त्याने शिक्षणाविषयी जे लिहिले ते वाचताना आम्हाला ही तारीख राहून राहून आठवते.

पेशवाई संपली. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू या पुणेरी प्रथेचा उल्लेख बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये केला आहे. ज्या राजवटीत हे घडत होते ती गेली. मग तिच्या जागी काय आले? हे ठरविण्याचे काम एकाच माणसाच्या हाती होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याहून एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला. बाजीरावाचे राज्य खालसा झाले. परंतु वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने पूर्वीप्रमाणे चालतील, कोणाच्या धर्मात आणि रीतिरिवाजात हात घातला जाणार नाही, असे त्यात वचन होते. १८१९ मध्ये, डेक्कनचा कमिशनर या नात्याने, त्याने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. आमच्या मते तो मराठी मुलखाविषयी इंग्रजाने लिहिलेल्या उत्तम कागदांपैकी एक आहे. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, प्रत्येकाचे काम त्यात आहे. महाराचेही आहे. गावाची शीव राखणारा, शेताशेताच्या बांधाची खूण जाणणारा, पिकाची राखण करणारा, वाटाड्या म्हणून पुढे धावणारा, असे त्याचे वर्णन आहे. साहेबाने पाहिले बरोबर. पण जे पाहिले ते तसेच ठेवावे, हा त्याचा निर्णय होता. जिंकलेला मुलूख शांत ठेवायचा असेल तर जुनी घडी विस्कटू नये, हे त्याचे सूत्र.

हे सूत्र ऐकायला शहाणपणाचे वाटते, आणि राज्यकर्त्याच्या बाजूने ते शहाणपणाचेच होते. ज्याची जुन्या घडीत सोय होती त्याचा फायदा झाला. ज्याची मान तिच्यात अडकली होती त्याची मान तशीच राहिली. महार वतनाचे जोखड इंग्रजी अमलात कायम राहिले. त्यावर बाबासाहेबांना १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणावे लागले, आणि ते वतन कायद्याने गेले ते स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने. श्रावणमासची दक्षिणा पेशवे ब्राह्मणांना वाटीत. साहेबाने ती कमी केली पण बंद केली नाही, आणि तिच्यातल्या पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. इंग्रजी अमलात या मुलखात सरकारी खर्चाने निघालेली ही मोठी विद्यासंस्था, आणि तिथे प्रवेश फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांना. सत्ता गेलेला विद्वान वर्ग बिथरू नये, हा त्यामागचा हेतू साहेबाने लपविला नाही. पुढे तिचेच डेक्कन कॉलेज झाले. जातां जातां सांगायला हवे की, याच दक्षिणा फंडातून पुढे जोतीराव फुल्यांच्या शाळांना मदत मिळाली. पैसा तोच होता, पण तो तिकडे वळवायला जोतीराव जन्मावे लागले.

नोव्हेंबर १८१९ पासून १८२७ पर्यंत आठ वर्षे एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत कायद्यांची संहिता तयार झाली. ती १८२७ ची, 'एल्फिन्स्टन कोड' या नावाने प्रसिद्ध असलेली. त्यातल्या दुसऱ्या रेग्युलेशनात असे कलम होते की, जातीच्या प्रश्नात दिवाणी कोर्टाने हात घालू नये. म्हणजे जातपंचायतीने माणसाला वाळीत टाकले तर कोर्टाचे दार त्याला बंद.

आता मुख्य विषयाकडे येऊ. १८२२ मध्ये मुंबईत एतद्देशीयांच्या शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. साहेब तिचा अध्यक्ष होता. १८२३-२४ च्या सुमारास त्याने शिक्षणावर एक विस्तृत सरकारी टिपण लिहिले, ज्याला इंग्रजीत 'मिनिट' म्हणतात. टिपण वाचले की माणसाचा आवाका कळतो. गावठी शाळांतले शिक्षण सुधारावे, शाळा वाढवाव्यात, देशी भाषांत पुस्तके छापावीत, नीतीची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके मराठी-गुजरातीत करावीत, इंग्रजी शिकण्याचीही सोय व्हावी, गोरगरिबांनी शिकावे म्हणून त्यांना उत्तेजन द्यावे, आणि या सगळ्याला सरकारने पैसा द्यावा. कौन्सिलातल्या फ्रान्सिस वॉर्डनला हे पटले नव्हते, त्याचा कल खर्च आवरण्याकडे आणि इंग्रजीकडे होता. मॅकॉलेच्या आधी दहा-बारा वर्षे हा माणूस देशी भाषांच्या बाजूने भांडत होता, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

याच टिपणात पुढे एक मजकूर आहे. तो आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. साहेब म्हणतो की, मिशनऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे अगदी खालच्या जातीची मुले सर्वांत चांगले विद्यार्थी ठरतात. तरीही अशा लोकांना खास उत्तेजन देताना आपण जपले पाहिजे. कारण ते समाजात सर्वांत तिरस्कृत आहेत, शिवाय संख्येने थोडे आहेत. आपल्या शिक्षणाने पहिले मूळ त्यांच्यात धरले तर ते पुढे इतरांत पसरणार नाही. उपयुक्त ज्ञानात सर्वांच्या पुढे, पण बाकीच्या जातींना नकोसा, असा एक नवा वर्ग तयार होईल, आणि त्याच्या ज्ञानामुळे आपल्याला नोकऱ्यांत त्यालाच पसंती द्यावी लागेल. नुसत्या फौजेच्या जोरावर किंवा लोकांतल्या एका भागाच्या प्रेमावर राज्य करायचे असते तर हे चालले असते; पण आपल्याला राज्याचा पाया रुंद करायचा आहे.

विद्यार्थी मित्रांनी हा मजकूर सावकाश दोनदा वाचावा. ही मुले बुद्धीने कमी आहेत असे साहेब म्हणत नाही. त्या काळचे पुष्कळ पंडित ते म्हणत होते, साहेब उलट सांगतो, की ही मुले उत्तम शिकतात. धर्मशास्त्राचाही आधार तो घेत नाही. त्याचा हिशेब साधा आहे: ही मुले शिकली तर वरच्या जाती रुसतील, त्या रुसल्या तर राज्याचा पाया हलेल. म्हणजे मुलांची हुशारी हीच त्यांच्या आड आली! संख्येने थोडे, हे विधान तर आम्हाला आजही उमगलेले नाही. ज्या मुलखात गावोगाव महारवाडा, मांगवाडा आणि चांभारवाडा आहे, आणि ज्याने गावगाड्याचा इतका बारीक अहवाल लिहिला, त्याने हे वाक्य कोणत्या मोजणीवर लिहिले असेल?

कोणी म्हणेल, दोनशे वर्षांपूर्वीचे टिपण, त्याचा एवढा बाऊ कशाला? आम्ही वीस वर्षे बँकेच्या टेबलावर फायली हाताळतो. फाईल कशी चालते हे आम्हाला ठाऊक आहे. एखाद्या वरिष्ठाने कधीकाळी शेरा मारलेला असतो. तो वरिष्ठ निवृत्त होतो, वारतो, पण शेरा जिवंत राहतो. पुढचा अधिकारी त्यावर 'पूर्वीच्या धोरणानुसार' असे लिहून सही करतो, त्याच्या पुढचा त्या सहीवर सही करतो, आणि मूळ कारण काय होते हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. वरिष्ठ जितका विद्वान आणि सभ्य, तितका त्याचा शेरा टिकाऊ. एल्फिन्स्टनच्या टिपणाचे नेमके हेच झाले.

१८५०-५१ चा मुंबईच्या शिक्षण मंडळाचा अहवाल पाहा. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी. शिक्षण आधी वरच्या वर्गाला द्यावे, मग ते खाली झिरपेल, असे त्याचे धोरण. अस्पृश्यांचा प्रश्न आला तेव्हा अहवालाने एल्फिन्स्टनच्या जुन्या इशाऱ्याचा हवाला दिला. त्याला लिहून पंचवीस वर्षे उलटली होती. याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई महार-मांगांच्या मुलांना शिकवीत होत्या, आणि त्यांच्या शाळेतली मुक्ता ही मांग मुलगी १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त असा निबंध छापून आणत होती की तो आजही वाचवत नाही इतका बोचतो. मिशनऱ्यांचा अनुभव खरा असल्याचा हा पुरावा पुण्यातच समोर होता. सरकारी फायलीत मात्र शेराच चालू राहिला.

१८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलगा घाबरला नाही, त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने जुलै १८५६ मध्ये ठराव करून सांगितले की, न्याय मुलाच्या बाजूने आहे खरा, पण एकासाठी शाळा बाकीच्या लोकांना निरुपयोगी करता येणार नाही. या वेळी गव्हर्नर कोण होता? लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, आपला पुतण्या. काका त्या वेळी इंग्लंडात, सरे परगण्यातल्या आपल्या घरी, पुस्तके वाचीत निवृत्तीत बसला होता. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला मुंबईचा हा निर्णय रुचला नाही, आणि १८५८ मध्ये विलायतेतून कंपनीच्या संचालकांचा खलिता आला की, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्या पाहिजेत. कागदावर दार उघडले. त्यानंतर चाळीस वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत बाल भिवा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. उघड्या दाराचा अर्थ तेवढाच.

इथे एक प्रश्न आमच्या अभ्यासवर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारला होता, तो मोलाचा आहे. नागरी शाळा बंद होत्या, तर मग बाबासाहेबांच्या आधीच्या पिढीत सुभेदार रामजी आंबेडकरांसारखी शिकलेली माणसे आली कुठून? याचे उत्तर लष्कर. कंपनीच्या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकविण्याची सोय होती. रामजी स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांनी या लष्करी शिक्षणाचे महत्त्व स्पष्ट लिहून ठेवले आहे. म्हणजे फौजेच्या जोरावर राज्य करायचे तर चालेल, असे जे साहेबाने लिहिले होते, ते फौजेत खरेच चालले. आणि जिथे जोर लागत होता तिथेच आपल्याला अक्षर मिळाले. पुढे १८९२ च्या सुमारास महारांची भरतीही बंद झाली, तेव्हा ती वाटही खुंटली.

साहेबाच्या बाकीच्या आयुष्याविषयी थोडक्यात. १८२७ मध्ये तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने प्राध्यापक नेमण्यासाठी दोन लाखांवर रुपये जमविले. त्या निधीतून एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. म्हणजे कॉलेज साहेबाच्या पैशाचे नव्हे, इथल्या लोकांच्या वर्गणीचे. १८३४ मध्ये बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवू लागले, पुढे दादाभाई नौरोजी गणिताचे प्राध्यापक झाले. साहेबाच्या काळात सुरू झालेले मोल्सवर्थचे मराठी-इंग्रजी कोशाचे काम १८३१ मध्ये छापून बाहेर आले. तो कोश अजून आमच्या टेबलावर असतो. गव्हर्नर-जनरलचे पद त्याला दोनदा देऊ केले, त्याने प्रकृतीच्या कारणाने ते नाकारले. १८३९ मध्ये अफगाण युद्धाच्या वेळी त्याने आधीच लिहिले होते की, काबूल घेता येईल पण राखता येणार नाही. त्या युद्धात काबूलची फौज गमावणारा सेनापती त्याचाच एक चुलतभाऊ निघाला. १८४१ मध्ये त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. लग्न केले नाही. २० नोव्हेंबर १८५९ रोजी तो वारला. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्याचा पुतळा आहे, विद्यार्थ्यांनी एशियाटिकच्या पायऱ्या चढून तो अवश्य पाहावा.

ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने त्याची एक आठवण सांगितली आहे. साहेबाच्या तंबूत एका कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडला होता. हे कशाला, असे ब्रिग्जने विचारले. साहेब म्हणाला, लोकांना शिकवायला. पण ही आमची विलायतेला परत जाण्याची वाट आहे. मग गव्हर्नर असून तुम्ही हे का सुरू करता, असे विचारल्यावर तो म्हणाला की, काही झाले तरी लोकांविषयीचे आपले कर्तव्य केलेच पाहिजे. ही आठवण आम्हाला खरी वाटते, कारण ती त्याच्या स्वभावाला धरून आहे. म्हणूनच त्या टिपणाचा राग अधिक येतो. शिक्षणाने आपले राज्य जाईल हे ज्याला दिसत होते आणि तरी ज्याने पुस्तके छापली, त्या माणसाचे कर्तव्य महारवाड्याच्या वेशीपाशी येऊन थांबले. क्षुद्र माणसाने तसे लिहिले असते तर कोणी त्याचा हवालाही दिला नसता.

बाबासाहेब १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. फळ्याकडे जाऊ लागताच मागे ठेवलेले डबे मुलांनी धावत जाऊन उचलले, ही हकीगत याच शाळेतली. तिथून कॉलेजात ते गेले ते सुभेदारांच्या जिद्दीवर, केळुसकर गुरुजींच्या शब्दावर आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा पंचवीस रुपयांवर. प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके दिली, कपडे दिले. या सर्वांची नावे आदराने घेतली पाहिजेत. इमारतीवर ज्याचे नाव कोरले होते, त्याचा यात हात नव्हता.

आणि मग २९ मे १९२८. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर केले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या या पदवीधराने त्या निवेदनात एल्फिन्स्टनचे टिपण उद्धृत केले, त्याच्या पाठोपाठ पेरीचा अहवाल ठेवला, धारवाडच्या मुलाचा अर्ज आणि त्यावरचा ठराव ठेवला, आणि अस्पृश्य मागे राहिले ते आपल्या दोषाने नव्हे, सरकारच्या ठरवून आखलेल्या धोरणाने, हे सरकारी दप्तरातूनच सिद्ध केले. शिव्याशाप कुठे नाहीत. तारखा आहेत, ठराव आहेत, आकडे आहेत. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जो सवाल टाकला होता, त्याचा पुरावा सेहेचाळीस वर्षांनी असा दाखल झाला.

हे निवेदन महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे. संस्थेच्या ग्रंथालयात तो खंड आहे, पण आम्ही पाहिले तेव्हा त्याची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. पदवीच्या वर्गातल्या मुला-मुलींनी तो काढून घ्यावा. इंग्रजी जड वाटले तर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही विहारात थांबतो. परिच्छेद-परिच्छेद घेऊन बसू. सुरुवात धारवाडच्या अर्जापासून करावी, असे आम्हाला वाटते.

जयभीम.